गंगासागर समुद्र बघायला गेली

१

सिरसाळ्यात माझं किराणा दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर आणि घराच्या शेवटी एक खोली. तिला खिडकी नाही म्हणून आम्ही तिला आंधारी म्हणतो. वर पत्रा, आत जवारीची पोती आणि गुळाच्या ढेपा. ऊन चढलं की आणि उतरलं की तो पत्रा टण्ण करून वाजतो. नवा माणूस दचकतो. मी त्याला सांगतो, "आत आमचा आज्जा बसलाय, चहा मागायलाय."

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यातली दोन वर्षं मास्तरच्या खुर्चीवर खाजकुयली टाकण्यात गेली. पण आवाज काढायची कला देवानं मला फुकट दिली. फोनवर मी तहसीलचा साहेब होतो, बँकेची मॅडम होतो. माझा दोस्त बंकट रोज दुकानाच्या फळीवर बसून माझी तंबाखू खातो. त्याला एकदा त्याच्या मेलेल्या सासऱ्याच्या आवाजात फोन केला, "जावई, माझी म्हैस कशी हाय?" बंकट कितीतरी दिवस म्हशीच्या डोळ्यात बघत नव्हता.

असल्या माणसासोबत गंगासागरनं जन्म काढला. माझी बायको. तिला एकच हौस, समुद्र बघायची. म्हणायची, "माझ्या नावात हाय, पर डोळ्यानं बघितला न्हाई."

मी म्हणायचो, "परळीला चल. थर्मलचं राखेचं तळं दाखवतो. तुला काय कळणार हाय दोन्हीतला फरक?"

ती हसायची नाही.

या हिवाळ्यात शिवकन्येनं बायकांची सहल काढली. शिवकन्या आमच्या गल्लीतली शिलाईवाली. बचत गट चालवते आणि बोलते फौजदारासारखी. तिनं मिनीबस ठरवली. सगळी रत्नागिरी बघायची.

"आप्पा, काकूला नेते बरं का."

"ने की. पर वापस आणशील का?"

"न्हाई आणली तर?"

"तर तू ये माझ्या भाकरी थापायला."

सगळ्या बायका खिदळल्या. मीही हसलो. पण बाळंतपणं सोडली तर ती माझ्याशिवाय कुठं राहिली नव्हती. बारीक पोरासारखं मनात आलं की ही गेली आणि आलीच नाही तर? असलं बोललो असतो तर बंकटनं मला गावभर वाजवलं असतं. म्हणून तंबाखू मळत बसलो.

२

गाडी मोकळी मिळाली ती अमावस्येची. समोरच्या घरी छबुबाई राहते. तिच्या अंगणातच पिठाची गिरणी आहे. तिनं कपाळावर हात मारला.

"आवसंला पाय काढायलाव का वैनी? आदी पस्तान तरी ठिवा."

पस्तान म्हणजे असं. निघायचा दिवस वाईट असला तर त्याच्या आधी चांगला दिवस बघून माणसाचं एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ते गाठोडं गेलं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग खरोखर निघताना तिथून ते उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. गंगासागरनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हातातली एक बांगडी बांधली. गाठोडं छबुबाईच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं.

मी म्हणलं, "आता तू निघालीस. घरात तुझं काय काम? चहा पाहिजे तर पाव्हण्यासारखा माग."

निघायच्या दिवशी बस रस्त्यावर येऊन सारखी भोंगा वाजवत होती. गंगासागर दोन पिशव्या घेऊन मागच्या बोळातून पळाली. मला "येते" म्हणली का नाही, तेही ऐकू आलं नाही.

ऊन चढल्यावर छबुबाई गाठोडं घेऊन दुकानात आली.

"आप्पा, वैनी पस्तान न्यायचंच इसरल्या. म्या शेतात चालले, घरात मांजर लई उच्छाद मांडायलंय. इथं दुकानात ठिवा. उंबऱ्याच्या आत नेऊ नका बरं."

"कावून? चावतंय का?"

"नेऊ नका म्हणलं ना."

ती गेली. दुकानात उंदीर. तांदळाचं गाठोडं त्यांनी एका रात्रीत साफ केलं असतं. मी ते नेऊन आंधारीत खुंटीला अडकवलं.

३

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मोबाईल वाजला. गंगासागरला लिहिता येत नाही, पण फोनमध्ये आवाज भरून पाठवायचं नातीनं शिकवलेलं. मी बंकटला ऐकवायला आवाज मोठा केला.

"अवो, ऐकताव का? आमी पोचलो. मांडवीला आलो बगा. काळी वाळू हाय हो इथली, आपल्या रानातल्या मातीवानी. आन फुडं समदं पाणी! ते येतंय, पायाला लागतंय, आन पायाखालची वाळू वढून नेतंय. म्या पडतेच की काय वाटलं. तुमी पायजे होताव. लई मोठं हाय हो. लई मोठं."

बंकट म्हणला, "वैनी तर पोरीवानी बोलायलीय बे."

मी हसलो. पण तिच्या आवाजाच्या मागं मला दुसरंच काही ऐकू आलं होतं. फट्-फट्, फट्-फट्. छबुबाईच्या गिरणीचा पट्टा एका जागी तुटलेला, चामड्याच्या वादीनं शिवलेला आहे. फिरताना तो जोड तसाच वाजतो. मला वाटलं गिरणी चालू असेल. बाहेर बघितलं तर लाईट गेलेली आणि गिरणीला कुलूप.

परत ऐकलं. फट्-फट्. लाटेचा आवाज एवढासाही नव्हता.

"बंकट, समुद्राच्या कडंला गिरणी असंल का?"

"लोकं भाकरी खात असतील की तिथं बी."

ते पटलं. नसतं पटलं तर करणार काय होतो?

त्याच्या दुसऱ्या दिवशी थिबा राजवाड्याचं सांगणं आलं. परक्या मुलखातला राजा, त्याला इंग्रजानं धरून आणलं आणि तिथं ठेवलं. "येवढा मोठा वाडा, पर त्याला घरी कदी जाताच आलं न्हाई हो. गच्चीतून समुद्र बघत बसायचा म्हणं." तिचा आवाज भरून आला होता. आणि मागं टण्ण झालं. जरा थांबून परत टण्ण.

राजवाड्याला पत्रा असतो का, हे मला कोण सांगणार? मी मोबाईल खिशात टाकला आणि गिऱ्हाईकाला साखर देताना मुद्दाम बँकेच्या मॅडमच्या आवाजात बोललो. गिऱ्हाईक हसलं. मला बरं वाटलं.

४

तिसरा निरोप ऐकताना मी एकटा होतो, ते एक बरं झालं.

ती किल्ल्यावरून बोलत होती. देवीचं दर्शन झालं, दीपगृह बघितलं, खाली होड्या तिळासारख्या दिसतात. "वारं येवढं हाय का, पदर ठरंना." पण वाऱ्याचा आवाज नव्हता. आवाज होता तो बंद खोलीतला, चारी बाजूंनी पोती असल्यावर जसा दबून येतो तसा. आणि भिंतीपल्याडून एक म्हातारा माणूस ओरडला, "उठ की बे बंकट, फळी तुझ्या बापाची हाय का?"

तो मी होतो. सकाळीच ओरडलेलो.

मी चेष्टेखोर माणूस. माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की आता माझी पाळी आली. गावानं मिळून डाव टाकला. बाई गेलेलीच नाही. छबुबाईच्या घरात बसलीय, तिथून आवाज भरते आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसतात. मला राग तर आलाच नाही. ती इथंच आहे म्हणून उड्या माराव्या वाटल्या. मी तडक छबुबाईच्या घरात शिरलो. चुलीमागं बघितलं, गिरणीत बघितलं, बाजेखाली वाकलो.

"आप्पा, काय हुडकायलाव?"

"माझी बायको."

"माझ्या बाजंखाली?"

"काढ तिला बाहेर. जिंकलाव तुमी. मी हरलो."

छबुबाई हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

मी शिवकन्येला फोन लावला. लाटांची केवढी मोठी गाज ऐकू आली, त्यात बायकांचं किंचाळणं. ती ओरडूनच बोलली, "आप्पा, काकू हायत की इथंच! पर काय झालंय काय माहीत, बोलत न्हाईत. समुद्राकडं पाठ करून बसतेत. किल्ल्यावर नेलं तर डोळे मिटून घेतले. तुमी भांडलताव का?"

"मला तर रोज फोनवर समदं सांगायलीय."

"कशाचा फोन? त्यांचा फोन निघाल्यापासून माझ्या पर्समधी हाय. बंद पडलाय."

"बरं बरं," मी म्हणलं. "चांगलं नाटक बसवलंय पोरी."

"नाटक? आप्पा, तुमाला काय येड लागलंय का?"

५

छबुबाई दिवस कलल्यावर दुकानात आली. काही घ्यायला नाही. नुसती उभी राहिली.

"आप्पा, गाठोडं कुठं हाय?"

"खुंटीला."

"दुकानातल्या?"

"आंधारीत."

तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. "निघालेल्या माणसाचं वापस आत नेलंव? आता काढा बाहेर. लगेच काढा."

"अगं, तांदूळ-सुपारी हाय ती."

"मग काढायला काय झालं?"

काढायला काहीच झालं नव्हतं. मी उठलो. स्वयंपाकघर ओलांडलं. आंधारीच्या दाराला बाहेरून कडी आहे, ती मीच लावलेली. कडीवर हात ठेवला आणि आधी एक केलं. कशाला केलं ते माहीत नाही. मोबाईल तोंडाजवळ धरून आवाज भरला, "गंगे, कुठं हायस?" आणि पाठवला.

वर पत्रा वाजला, टण्ण.

उत्तर लगेच आलं. मी ते कानाला लावलं. सुरुवातीला नुसती शांतता. मग लांबून, दाराच्या पल्याडून ऐकल्यासारखा माझाच आवाज, "गंगे, कुठं हायस?" मग टण्ण. मग ती, अगदी जवळून आणि अगदी आनंदात, "अवो, भाट्याला हाय. सुरूची झाडं हायत इथं. दिवस बुडायलाय. गप ऱ्हावा जरा, बघू द्या."

कडी काढली. दार बोटभर लोटलं. बोटभरच.

आत ती पाठमोरी होती. पोत्यांच्या थप्पीपुढं, कोऱ्या भिंतीकडं तोंड करून. कपाळावर आडवा हात धरला होता. मोठं पाणी लांबवर बघायला माणूस धरतो तसा. पदर हलत होता. त्या खोलीत वारा यायला जागा नाही.

ती वळेल असं वाटलं. मी दार ओढून घेतलं.

दुकानात आलो तर छबुबाई म्हणली, "काढलं का?"

"उद्या काढतो," मी म्हणलं. ती माझ्या तोंडाकडं बघून निघून गेली. नंतर मी डोक्याला समजावलं. अंधार, म्हातारे डोळे, मोतीबिंदूचं डॉक्टरनं सांगितलेलंच आहे. पोत्यावर बारदान टाकलेलं असेल. पण कडी काढायला परत हात गेला नाही.

६

बायकांची बस परळीपर्यंतच येणार होती. मी आधीच जाऊन उभा राहिलो. राखेचे टँकर जात होते, झाडांची पानं पांढरी पडलेली. बस आली. एकेक बाई उतरली. कुणाच्या हातात शिंपल्यांचं तोरण, कुणाच्या आंबापोळी. सगळ्यात शेवटी गंगासागर.

ती होती. हाडामांसाची, दोन पिशव्या घेतलेली, पायाला काळी वाळू लागलेली. मी मनात म्हणलं, रुद्रप्पा, तू येडा आहेस. मला एवढं हसू आलं की डोळ्यात पाणी आलं.

"वापस आणली बगा, आप्पा," शिवकन्या म्हणली. "आता माझं भाकरी थापणं वाचलं." पण ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

ऑटोत मी तिच्या शेजारी बसलो. म्हणलं, "मग? कसा होता समुद्र? का आपलं तळंच बरं?"

तिनं पिशव्या मांडीवर ओढून घेतल्या.

"मला न्हाई दिसला."

"आं?"

"न्हाई दिसला म्हणते ना. डोळे उघडले का फुडं पोती. जवारीची थप्पी. गुळाचा वास. समद्या ओरडायच्या, लाट आली, लाट आली, माझे पाय भिजायचे, आन मला दिसायची भिंत. म्हणून पाठ करून बसले. तरी भिंतच." "येवढ्या लांब गेले हो. जन्मात एकदा."

मी तिचा हात धरला. खारट, चिकट हात होता.

"तुमचा आवाज यायचा," ती म्हणली. "बंकटभावजीला फळीवरून उठवत होताव ना? आन एकदा मला हाक मारलाव. म्या लई वरडले आतून. तुमी दार लोटलाव आन वापस लावून घेतलाव."

ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं. मला चेष्टा सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा सुचेना.

७

घरात पाय ठेवल्यावर ती पाणीसुद्धा प्यायली नाही. सरळ स्वयंपाकघरातून आंधारीच्या दाराशी गेली. आतून बोलण्याचा आवाज येत होता. आता मोबाईल नव्हता मध्ये. तिचाच आवाज, हसरा, "पाणी कसं सोन्यावानी झालंय बगा!"

मी मागून दंडाला धरलं. "नको. आपुन कुलूप लावू. आजच भिंत घालून घेतो. गंगे, तू आलीस ना, बस झालं मला."

"ते माझं हाय," ती दाराकडं बघत म्हणली. भीती नव्हती तिच्या तोंडावर. भूक होती. "म्या गेलते. माझे पाय भिजले. आन बघायलीय कोण?"

"मी नेतो तुला परत. उद्या नेतो. खरंच नेतो."

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "तुमचं कंचं खरं धरू, सांगा?"

याला उत्तर पाहिजे होतं. माझ्याकडं आवाज पुष्कळ होते, त्यातल्या एकालाही हे उत्तर येत नव्हतं. हात आपोआप सुटला. ती आत गेली. दार लागलं आणि आत काहीतरी आडवं सरकवल्यासारखं वाजलं. त्या दाराला आतून कडी नाही.

मी कान लावला. एक बोलत होती, एक रडत होती. मग दोघी बोलत होत्या. मग एकच आवाज राहिला. पत्रा वाजत होता आणि दोन टण्णच्या मधल्या शांततेत लांबवर काहीतरी येत होतं आणि परत जात होतं.

दार उघडलं. एकच बाई बाहेर आली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, तोंड उन्हानं उजळलेलं, एवढी सुखी की मला पटकन ओळखूच आली नाही. तिनं मला बघून पदर सावरला.

"भाऊ, प्यायला पाणी भेटंल का?"

मी फुटलोच हसून. एवढी वर्षं मी केलं, आज तिनं एका शब्दात फेडलं! नवऱ्याला भाऊ म्हणली! मी पण लॉजवाल्यासारखं वाकून म्हणलं, "भेटंल की बाई, बसा." पाणी दिलं. ती प्यायली. आता हसेल, आता हसेल म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत उभा. तिनं तांब्या खाली ठेवला आणि चांगल्या घरच्या बाईनं परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "इथं अजून बघण्यासारखं काय काय हाय?"

आंधारीचं दार सताड उघडं होतं. आत पोती. खुंटी मोकळी.

त्याला आता बरेच दिवस झाले. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं, वय झालं की असं होतं, विसर पडतो. बंकटला तेच पटलंय. मीही दिवसातून पुष्कळ वेळा पटवून घेतो. ती सकाळी उठते, पाव्हण्याच्या घरी घालावी तशी अंथरुणाची घडी घालते. छबुबाईला विचारते, "बाई, तुमी कुठल्या?" दुकानाच्या पायरीवर बसून परळीकडं जाणाऱ्या ट्रका डोळे भरून बघते. मी तिच्यापुढं सगळे आवाज काढून बघितले, साहेब, मॅडम, बंकटचा सासरा. ती चांगलं म्हणून मान हलवते. शेवटी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणलं, "गंगे, मी गं." ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. नंतर छबुबाईला म्हणली, आमचे मालक घरी एकटेच हायत, मला इथं जास्त दिवस ऱ्हाता येणार न्हाई.

चहाच्या वेळेला ती रोज मोबाईल घेऊन माझ्याकडं पाठ करते आणि हळू आवाजात बोलते. जरा वेळानं माझ्या खिशातला वाजतो. मी गिऱ्हाईक सोडून आंधारीत जातो, पोत्यावर बसतो आणि ऐकतो. आता त्यात गिरणी नसते, पत्रा नसतो. नुसता समुद्र असतो, कान भरून.

आजचं हे असं होतं.

"अवो, ऐकताव का? आज पाणी लई आत गेलतं, लांबवर ओली वाळू. तुमी येळंवर जेवताव ना? चेष्टा कमी करा लोकांची. माझी काळजी करू नका, म्या बरी हाय. ज्यांच्याकडं उतरलेय ना, तो म्हातारा दुकानदार लई चांगला हाय बिचारा. पाणी देतो, चहा देतो. पर त्याच्या घरात कुणीतरी वारलंय वाटतं. कदी हसतच न्हाई."